आडात आहे, पण पोहऱ्यात नाही



गेल्या पूर्वहंगामी लागणीनंतर आमच्या गट ऑफिसात एक ज्येष्ठ सभासद आले. एका हातात उपटून आणलेले उसाचे बेट, दुसऱ्या हातात खताच्या पावत्या. दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, एकरी पाच पोती डीएपी घातला. लागणीला दोन, नंतर वरनं तीन. तरी फुटवा बघा, दोन नाही तर तीन. आता आणखी किती घालायचा ते तुम्हीच सांगा."

आम्ही विचारले, "आबा, माती तपासली होती का?"

"काळीभोर माती आहे, बापजाद्यांपासून पिकतेय. तिची कसली तपासणी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या रानात गेलो. वरंब्यावर डीएपीचे दाणे अजून दिसत होते. सरीत पाणी साचून पिवळट शेवाळ धरलेले. माती उकरली तर हरभऱ्याएवढे पांढरे चुनखडीचे खडे. आमच्या ओव्हरसियरने बाटलीतल्या सौम्य आम्लाचे चार थेंब मातीवर टाकले, तर सोड्याची बाटली फोडावी तशी माती फसफसली. पुढे रिपोर्ट आला. सामू ८.३, चुनखडी १२ टक्के, उपलब्ध स्फुरद मध्यम, लोह आणि झिंक कमी.

पाच पोती म्हणजे ११५ किलो स्फुरद. पूर्वहंगामी उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १७० किलो, म्हणजे एकरी ६८ किलो. ती तीन पोत्यांत पुरी होते. आबांनी जवळजवळ पावणेदोनपट खत घातले आणि ऊस मात्र उपाशी राहिला. आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? येथे उलटे झाले. आडात भरपूर आहे, पण पोहऱ्यात येत नाही. हे का होते आणि यात आपण काय बदलले पाहिजे, याविषयी आमचे मत आज स्पष्टपणे मांडावे असे वाटते. काही सभासदांना आणि कदाचित आमच्या वरिष्ठांनाही ते आवडणार नाही. तरीही लिहीत आहोत.

कुलूप उघडायचे आणि परत लावायचे

स्फुरदाचे खत येते खडकातून. आपल्या देशात असा खडक थोडाच आहे. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे मोठी खाण आहे, पण तेवढ्याने भागत नाही. मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून खडक, आम्ल आणि तयार खत आणावे लागते. हा खडक दळून तसाच आपल्या काळ्या रानात टाकला तर तो जवळजवळ विरघळत नाही. कारण त्यात स्फुरद आणि कॅल्शियम घट्ट बांधलेले असतात, आपल्या हाडांत असतात तसे. इंग्लंडात जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली यावर पेटंट घेतले. खडकावर गंधकाम्ल टाकायचे, म्हणजे बांधलेला स्फुरद पाण्यात विरघळण्याजोगा होतो. तेच सुपर फॉस्फेट. डीएपीचाही आरंभ खडक आम्लात विरघळवण्यापासूनच होतो. थोडक्यात, आपण पोत्याचे पैसे मोजतो ते कुलूप उघडून घेण्याचे.

आता हा उघडा झालेला स्फुरद चुनखडीच्या रानात पडला की काय होते ते पाहा. दाणा ओल धरून विरघळतो. विरघळलेल्या स्फुरदाला मातीत चहूकडून कॅल्शियम भेटतो. काही स्फुरद चुनखडीच्या कणांवर चिकटतो, बाकीच्याचे डायकॅल्शियम फॉस्फेट होते. हे थोडेफार तरी मुळांना लागते. पण महिने-वर्षे गेली की ते आणखी घट्ट होत जाते आणि ज्या खडकापासून खत केले त्याच खडकाच्या जातीकडे परत वळते. उघडलेले कुलूप आपणच आपल्या रानात परत लावतो. म्हणून घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २० टक्केच मिळतो. बाकीचा वाहून जात नाही, उडून जात नाही, मातीतच राहतो. पुढच्या पिकांना त्यातला थोडाथोडा मिळतो, पण उसाला फुटवे येण्याच्या वेळी हवा असतो तितका नाही.

हे काही पुस्तकी गौडबंगाल नाही. आपल्या कारखान्यात रस निवळतो तो याच रसायनामुळे. गरम रसात चुन्याचे दूध घालतात. रसातले फॉस्फेट चुन्याशी जुळून त्याचे ढेकूळ बनते आणि रसातली घाण घेऊन खाली बसते. रसात दहा लाख भागांत सुमारे ३०० भाग फॉस्फेट असले म्हणजे निवळणी चांगली होते असा ठोकताळा आहे. कमी पडले तर फॉस्फोरिक ॲसिड घालावे लागते. म्हणजे स्फुरदाने चुन्याशी गाठ मारावी ही कारखान्याची गरज, आणि मारू नये ही आपल्या रानाची गरज. काम एकच, पण टाकीत झाले तर फायदा आणि सरीत झाले तर तोटा.

प्रत्येक रानाचे दुखणे वेगळे

चुनखडी एकटीच दोषी नाही. कोकणातल्या तांबड्या जांभ्या मातीत आणि कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगरी पट्ट्यात माती आम्ल असते. तेथे स्फुरदाला कॅल्शियम नव्हे, लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात. तेथे चुना घातला तर आम्लता कमी होऊन स्फुरद थोडा मोकळा होतो. सामू साडेसहाच्या आसपास असला म्हणजे दोन्ही बाजूंचा त्रास सर्वांत कमी. पण कोकणातल्या पाहुण्याने सांगितले म्हणून आपल्या रानात कोणी चुना टाकेल, तर आधीच चुन्याने बेजार असलेल्या जमिनीवर तो आणखी चुना होईल.

काही सभासद विचारतात, "मग चुनखडी काढून टाकायला काही औषध आहे का?" याचे उत्तर आकड्यातच द्यावे लागेल. एक एकराच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरातील मातीचे वजन साधारण नऊ लाख किलो भरते. त्यात चुनखडी नुसती पाच टक्के धरली तरी ४५ टन झाली. आबांच्या रानात तर त्याच्या दुपटीहून जास्त. दोन-चार पोती गंधकाने हे संपणार नाही. जिप्समही त्यावर उपाय नव्हे. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे, कारण तेथे सोडियम हटवायचा असतो. चुनखडी हटवता येत नाही, तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. हे एकदा मनाशी पक्के केले म्हणजे पुढचा खर्च वाचतो.

दुसरी गोष्ट स्फुरदाच्या चालीची. नत्र पाण्याबरोबर धावतो. स्फुरद मात्र टाकल्या जागेवरून फार तर काही मिलिमीटर सरकतो. तो मुळाकडे जात नाही, मुळाला त्याच्याकडे जावे लागते. म्हणून वरून फेकलेला डीएपी वरंब्यावर पडून राहतो आणि कोवळ्या कोंबाची मुळे वीतभर खाली उपाशी राहतात. त्यात सरीत पाणी तुंबले तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती फिरणेच बंद करतात. आबांच्या रानात नेमके हेच झाले. आमच्या मते त्यांचा निम्मा तोटा खताने नव्हे, पाण्याने केला.

तिसरी गोष्ट अतिरेकाची. चुनखडीच्या रानात लोह आणि झिंक आधीच कमी मिळतात. त्यात गरजेहून जास्त स्फुरद घातला की त्यांची उपलब्धता आणखी घटते. उसावर केवडा पडतो, पाने पिवळी-पांढरी पडतात. ते पाहून सभासद म्हणतो, "ऊस उपाशी आहे," आणि आणखी एक पोते फेकतो. रोग्याला जे बाधले तेच पुन्हा पाजण्यातला हा प्रकार. केवड्याला डीएपी हे औषध नव्हे. शेणखतात मुरवलेले फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट हे औषध आहे. तेही सुपर किंवा डीएपीत मिसळून देऊ नये, नाहीतर तीही तेथेच बांधली जातात.

मग करायचे काय?

आमचा सल्ला साधा आहे, आणि त्यातला बराचसा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात व विद्यापीठात पूर्वीच सिद्ध झालेला आहे. आपण तो ऐकतो, माना डोलावतो आणि घरी जाऊन पोते फेकतो, एवढेच.

पहिले, स्फुरद मातीआड करा. लागणीला अर्धा हप्ता सरीत बेण्याखाली पट्ट्याने द्या आणि मातीत मिसळा. उरलेला अर्धा मोठ्या बांधणीला द्या, म्हणजे वरंबा फोडताना तो आपोआप मातीखाली जातो. पट्ट्याने दिल्याने खत कमी मातीला शिवते, कमी बांधले जाते आणि मुळाला चटकन सापडते. उभ्या उसात वरून फेकणे बंद करा.

दुसरे, खोडव्याला पहार वापरा. वाफसा आला की बुडख्यापासून १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर, तितकेच खोल भोक पाडायचे, त्यात खत टाकायचे आणि माती ओढायची. दोन भोकांत फूटभर अंतर ठेवायचे. तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत एकदा आणि साडेचार महिन्यांनी दुसऱ्यांदा. मजूर जास्त लागतात हे खरे. पण ज्या खताचे पैसे दिले ते पिकाला मिळते, हेही तितकेच खरे.

तिसरे, सुपर फॉस्फेट शेणखतात किंवा कंपोस्टात मिसळून द्या. सेंद्रिय खत कुजताना जी आम्ले निघतात ती कॅल्शियमला गुंतवून ठेवतात, स्फुरदाला थोडा वेळ मोकळा सोडतात. सुपरच्या पोत्यात स्फुरद आठच किलो आणि डीएपीच्या पोत्यात २३ किलो, म्हणून लोक डीएपीकडे धावतात. पण सुपरमध्ये गंधकही असते आणि चुनखडीच्या जमिनीला ते मानवते. ने-आण जास्त म्हणून त्याला नावे ठेवू नयेत.

चौथे, पाचट जाळू नका. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर ते रानातच कुजते. काडी ओढायला अर्धे मिनिट लागते आणि मातीचा जीव असलेला सेंद्रिय भाग तेवढ्यात जातो.

पाचवे, बेणेप्रक्रियेत स्फुरद विरघळवणारे जिवाणू विसरू नका. औषधाची प्रक्रिया आधी, जिवाणूंची नंतर. हे जिवाणू स्वतः आम्ले सोडून बांधलेला स्फुरद थोडाथोडा सोडवतात. पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. सेंद्रिय खत नसेल तर त्यांनी खायचे काय?

ठिबकवाल्यांना एक इशारा. विहिरीचे पाणी जड असेल तर त्यात सोडलेला स्फुरद पाण्यातल्या कॅल्शियमशी तेथेच जुळतो आणि तोट्या बुजतात. कॅल्शियमचे खत आणि स्फुरदाचे खत एका टाकीत कधी मिसळू नका.

चूक आमचीही आहे

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते सांगतो. आबांना दोष देणे सोपे आहे. पण ती पाच पोती त्यांना दिली कोणी? आपल्याच कारखान्याने, उधारीवर, ऊस बिलातून कपात करून. एकराला इतकी पोती असा एक आकडा ठरवला आणि चुनखडीच्या रानाला, मुरमाड माळाला, नदीकाठच्या मळीला सर्वांना तीच मापे दिली. माती न पाहता सर्वांना एकच औषध देणाऱ्या वैद्याकडे आपण गेलो असतो का? आम्ही ऊस विकास विभागाची माणसे या वाटपात सही करणारे. मातीचे नमुने आम्ही घेत होतो, पण लागण होऊन गेल्यावर रिपोर्ट वाटत होतो. त्याचा उपयोग काय? मेल्यावर नाडी बघण्यासारखे ते काम झाले. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली. त्या पत्रिका पुष्कळांच्या घरी आहेत, पण कपाटात. त्या वाचून दाखवण्याचे काम आमचे होते, ते आम्ही पुरेसे केले नाही. हे कबूल केल्याशिवाय सभासदांना उपदेश करण्याचा हक्क आम्हाला नाही.

म्हणून आमची दोन मागणी-वजा मते आहेत. एक, स्फुरदाचे खत उधारीवर द्यायचे ते माती परीक्षणाच्या चिठ्ठीवरच द्यावे. स्फुरद कमी असेल तेथे शिफारशीहून चौथाई वाढवावे, फार जास्त असेल तेथे निम्म्यापर्यंत कमी करावे. दोन, कारखान्याची प्रेसमड बाहेर विकण्याआधी सभासदांना त्यांनी घातलेल्या उसाच्या प्रमाणात मिळावी. शंभर टन उसामागे साधारण तीन ते चार टन प्रेसमड निघते. निवळणीत चुन्याने धरलेला जो स्फुरद खाली बसला तो तिच्यातच असतो. तो आपल्याच रानातून आलेला आहे. आपलाच स्फुरद दुसऱ्याच्या रानात पाठवायचा आणि आपण परदेशातून आलेला विकत घ्यायचा, यात सहकार कोठे राहिला? प्रेसमड कच्ची टाकू नये, कुजवून टाकावी, एवढे मात्र पथ्य पाळावे लागेल.

यावर हरकती येणार, त्या आम्ही ऐकल्या आहेत. "रिपोर्ट वेळेवर येत नाही, मग लागण थांबवायची का?" हरकत खरी आहे. म्हणून नमुना खोडवा तुटल्याबरोबर, नांगरटीपूर्वी, खत-शेणखत पडण्याआधी घेतला पाहिजे. पुढच्या लागणीपर्यंत हातात पुरेसा वेळ असतो. नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा, उकिरड्याच्या जागेचा घेऊ नये. खताच्या पट्ट्यातला तर मुळीच नको. रानात आठ-दहा ठिकाणी खड्डे घेऊन माती एकत्र करावी, चौथाई करत अर्धा किलो ठेवावी. प्रयोगशाळेला चुनखडीचे रान असल्याचे सांगावे. अशा मातीसाठी १९५४ साली ओल्सेन यांनी बसवलेली पद्धत वापरतात. तीत खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने स्फुरद सोडवून मोजतात. आम्ल मातीची पद्धत येथे लावली तर आकडा फसवा येतो.

दुसरी हरकत, "खत कमी करा म्हणता, टनेज घटले तर भरपाई तुम्ही देणार का?" हाही प्रश्न रास्त आहे. कोणाच्या शब्दावर सगळे रान पणाला लावू नये, आमच्याही नाही. आमचे म्हणणे इतकेच की चार सऱ्या वेगळ्या ठेवा. तेथे रिपोर्टप्रमाणे, पट्ट्याने, प्रेसमडीच्या कंपोस्टात मिसळून खत द्या. शेजारच्या चार सऱ्यांत तुमच्या रीतीने द्या. फुटवे मोजा, तोडणीला दोन्हींची वेगळी मोळी बांधून वजन करा. चिटबॉय आम्ही पाठवू. मग काटा काय म्हणतो ते पाहू. काटा ना साहेबाचे ऐकतो ना सभासदाचे.

आबांनी हे मान्य केले आहे. खोडव्यात त्यांनी चार सऱ्या सोडल्या आहेत, आणि पाण्याची पाळी लांबवली आहे. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, पहारीने खत द्यायला बाया लावल्या तर शेजारी हसले. म्हटलं, हसू द्या. पाच पोती फेकली तेव्हा कुणी हसलं नव्हतं, तेव्हाच हसायला पाहिजे होतं."

त्यांच्या सऱ्यांचे वजन काय येईल ते आज आम्ही सांगणार नाही. तोडणीला समोर येईल, आणि जे येईल ते याच पत्रिकेत छापू, आमच्या बाजूने असो वा विरुद्ध. तोवर आमची विनंती एवढीच. पुढच्या लागणीचे पोते उचलण्याआधी आपल्या रानातली चिमूटभर माती तपासून घ्या. आडात किती पाणी आहे ते पाहण्याआधी दोर आणि पोहरा नीट आहे का ते पाहू या. नाहीतर आड भरत राहील, बिलातली कपात वाढत राहील, आणि ऊस तहानलेलाच राहील.

आपला,
ऊस विकास अधिकारी